लस्सीवर लागलेला दिवा

कुठलीही गरम वस्तू दिसली की ताई तिच्यावर तळहात धरायच्या आणि म्हणायच्या, "वाया चाललंय की सगळं!" मग ती चहाची किटली असो, नाहीतर नुकत्याच लावलेल्या गाडीचं बॉनेट. जानेवारीच्या धुक्यात परक्या गाडीवर हात ठेवून उभी राहिलेली बाई बघून लोक काय समजत असतील, ते तुम्हीच ठरवा.

ताई मूळच्या सोलापूरच्या. चंडीगडच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या ऑक्साइडच्या चकत्या करायच्या. भुकटी घोटायची, दाबायची, भट्टीत भाजायची. अशा चकतीची एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली की वीज तयार होते. सांगायला सोपं, पण चकत्या महाहट्टी. जरा तापल्या की तारेचा सांधा सुटायचा. "रुसली बया," म्हणत ताई पुन्हा खल पुढे ओढायच्या.

लहानपणी भारनियमनात त्यांनी चुलीपुढे बसून अभ्यास केला होता. "घरात आग होती, उजेड नव्हता," त्या सांगायच्या. चुलीच्या आचेवर दिवा लावला की परत येते, असा आईला शब्द देऊन त्या इकडे आल्या. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "लागला का गं दिवा?"

मागच्या हिवाळ्यात एकदाचे सांधे टिकले. आता खऱ्या आगीवर बघायचं म्हणून ताईंनी मला सेक्टर बावीसमधल्या ढाब्यावर ओढत नेलं. चकत्यांची पट्टी तंदूरच्या काठावर ठेवली. इवलासा बल्ब लुकलुकला आणि विझला. पट्टीची वरची बाजूही तापली होती.

"भाईसाहब, एक लस्सी. एकदम ठंडी."

"इस ठंड में, मैडमजी? गला बैठ जाएगा!"

"पीनी नहीं है, रखनी है."

लस्सीचा स्टीलचा ग्लास पट्टीवर ठेवला आणि बल्ब लागला. ढाबेवाल्याने टाळ्याच वाजवल्या. ताईंनी लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईने डोळे बारीक करून पाहिलं. "एवढ्याशा दिव्यापायी एवढ्या लांब गेलतीस व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो. मग आई हळूच म्हणाली, "लागला नव्हं? मग ये की आता."

ताईंचं हसू तिथेच थांबलं. अजून पुष्कळ काम बाकी होतं, आम्ही सगळ्यांनी अडवून पाहिलं. "शब्द दिलाय," एवढंच त्या म्हणाल्या. उन्हाळ्याआधी त्या सोलापूरला परत गेल्या.

यंदाही धुकं पडलंय. काल गाडी लावून उतरलो आणि नकळत बॉनेटवर हात ठेवला. "वाया चाललंय की सगळं," मी मोठ्याने म्हणालो. शेजारच्या गाडीतला माणूस म्हणाला, "जी?"

ताईंची फार आठवण येते. बॉनेट गार होईपर्यंत मी हात काढला नाही.