प्रतिभाताईंनी लावलेला फोन

प्रतिभाताई गेल्या.

सकाळी रिसेप्शनचा फोन वाजला, मीच उचलला. म्हसावदहून त्यांचा भाचा बोलत होता. झोपेतच गेल्या म्हणाला. मी "हो" म्हणाले आणि ठेवून दिला.

समोर एक पेशंट उभी होती. सोनोग्राफी कुठे, विचारत होती. डावीकडे, मी सांगितलं.

तेव्हापासून असंच चाललंय. रडू येत नाहीये. म्हणून लिहितेय.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शहाद्याच्या ज्या मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये मी रेकॉर्डचं काम बघते, तिथे प्रतिभाताई रिसेप्शनला होत्या. मी लागले त्याच्या कितीतरी आधीपासून. पेशंटशी अहिराणी, डॉक्टरांशी शुद्ध मराठी, आणि माझ्याशी मूड असेल तसं.

एका वर्षी वीज पडली आणि हॉस्पिटलची सगळी इंटरकॉम सिस्टिम जळाली.

नवीन बॉक्स आला. तो लावणारा माणूस धुळ्याहून यायचा होता. फोन केला की म्हणायचा, उद्या येतो.

तोपर्यंत व्हॉट्सअॅपवर भागवा, असं ठरलं. पण आमची लेबर रूम मागच्या बाजूला, जाड भिंतींची. तिथे रेंज नाही. डॉक्टर मॅडम राहतात वरच्या मजल्यावर. काही झालं की सिस्टर जिन्याने धावत सुटायची.

ताई दोन-तीन वेळा ते बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या,

"आपुन लाउत ना."

मला साधा फ्यूज बदलता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोबाइलवर इंटरकॉम लावायचे हिंदी व्हिडिओ बघायचो. मॅन्युअल इंग्रजीत होतं. मी वाचून अर्थ सांगायचे, ताई भाकरी मोडता मोडता ऐकायच्या.

सगळ्या खोल्यांच्या वायरी जिन्याखाली एकत्र उतरलेल्या. कुठली कुठून आली, कुणालाच माहीत नाही. मग मी एकेका खोलीत रिसिव्हर कानाला लावून बसायचे आणि ताई खाली वायरीची एकेक जोडी बॉक्सला लावून बघायच्या. टोन आला की मी ओरडायचे. अख्ख्या हॉस्पिटलला वाटलं, या दोघींचं काहीतरी बिनसलंय.

वायरिंग जमलं. अवघड होतं ते प्रोग्रॅमिंग.

रिसेप्शनच्याच फोनवरून कोड दाबायचे. बरोबर असेल तर छोटा बीप. चुकलं तर लांबलचक टोन. कितीतरी दिवस आम्ही तो लांबलचक टोनच ऐकला.

एकदा तर बाहेरचे सगळे कॉल ऑपरेशन थिएटरमध्ये वाजायला लागले. डॉक्टर मॅडम मास्क लावूनच बाहेर आल्या, आमच्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

हळूहळू सगळे फोन लागले. माझ्या मते काम संपलं होतं.

ताईंच्या मते नव्हतं.

लेबर रूमच्या फोनला नंबर दाबायला लागू नये, असं त्यांचं म्हणणं. नुसता रिसिव्हर उचलला की वर मॅडमकडे वाजलं पाहिजे. मॅन्युअलमध्ये याला हॉटलाइन म्हटलं होतं. आम्ही करत राहिलो, ते होईना. मी वैतागले. सिस्टरला नंबर दाबायला कितीसा वेळ लागतो, असं म्हणाले.

लेबर रूम तेव्हा रिकामी होती. ताई भिंतीवरच्या सॉकेटचा स्क्रू पिळत होत्या. माझ्याकडे न बघता बोलल्या.

"मन्हा टाइमले मी टेबलवर व्हती. नर्स डॉक्टरले शोधी ऱ्हायंती. माले तिन्या चपला ऐकू येत व्हत्यात. डॉक्टर उनात, तवलोंग पोर चालनी गई."

डॉक्टर येईपर्यंत त्यांची मुलगी गेली होती.

मी रिसेप्शनच्या फोनपाशी गेले आणि मॅन्युअलचं ते पान पहिल्यापासून वाचलं. शेवटी आणखी एक कोड दाबायचा होता, तो पान उलटल्यावर होता. दाबला. छोटा बीप आला.

ताईंनी लेबर रूममधून रिसिव्हर उचलला. वरून मॅडम हॅलो म्हणाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी धडगावकडची एक बाई आली. मुलगी झाली, पण ब्लीडिंग थांबेना. सिस्टरचे दोन्ही हात अडकलेले. आयामावशीने नुसता रिसिव्हर उचलून धरला. मॅडम अनवाणीच खाली आल्या.

बाई वाचली.

मी रिसेप्शनला जाऊन ताईंना सांगितलं. "आनि पोर?" एवढंच त्यांनी विचारलं. पोर छान आहे म्हटल्यावर त्या उठून मागे गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मग त्यांनी पुढचा कॉल घेतला.

आज दुपारी आम्ही सगळे म्हसावदला गेलो. खूप माणसं होती. कुणी मला पाणी दिलं, मी प्यायले.

सगळं आटोपल्यावर त्यांचे मिस्टर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो; एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. मग त्यांनी विचारलं, त्या लेबर रूमच्या फोनसाठी ती एवढी का मागे लागली होती.

मी सांगितलं. ताईंच्याच शब्दांत.

भाऊ जमिनीकडे बघत राहिले.

"मन्हासंगे त्या पोरबद्दल कधीच बोलनी नही. माले वाटे, इसरी गई." मग म्हणाले, "तुमले तरी तिनी सांगं. बरं झायं."

हे फेसबुकवर लिहू का, असं मी त्यांना विचारलं. लिहा, म्हणाले. तिला एक मुलगी होती, हेही लिहा.

लिहिलं, भाऊ.

प्रतिभाताई, तुम्हाला शेवटचा नमस्कार.