घर बंद, कोणी राहत नाही

ती वस्ती, ते पत्र्याचं दार आणि त्याच्या कडीत अडकवलेलं पितळी कुलूप अजून माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. मी सातवीवर भरती झालो. शिपायाचा सहायक फौजदार होईपर्यंत केस पांढरे झाले. खून पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली, मान कधी खाली गेली नाही. त्या दारामागं मात्र गेली. नाव कुणाचं सांगणार नाही. ज्यांची नावं आहेत त्यांना अजून तिथंच जगायचंय.

नोकरीची दोन वर्षं उरली होती. शिरूर कासार भागातल्या एका चौकीला होतो. दिवाळी झाली की तिकडं वस्त्या रिकाम्या होतात. कारखान्याची गाडी आली की नवराबायको, लेकरं, भांडी, शेळी सगळं गाडीत. मागं उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं. त्या दिवसांत आमचं काम म्हणजे बंद घरांवर लक्ष ठेवायचं आणि आलेले कागद निकाली काढायचे.

असाच एक कागद आला. ऊसतोड कामगाराची पोरगी, नर्सिंग शिकलेली. जर्मनीतल्या एका दवाखान्यात तिची निवड झाली होती. व्हिसासाठी पोलिसांचा दाखला पाहिजे होता. ती दिलेल्या पत्त्यावर खरंच राहते का, ते जागेवर जाऊन बघायचं, दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, अहवाल पाठवायचा. एवढंच काम.

गेलो तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, आईबाप कारखान्यावर, पोरगी शहरात होस्टेलला. आठ दिवसांनी परत गेलो. तेच कुलूप, तेच उत्तर. चौकीत येऊन फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला.

"कुठं हायेस तू?"

"घरीच हाय, साहेब." आवाज एकदम बारीक.

"मी आत्ता तुझ्या दारातून आलोय. कुलूप हाय तिथं!"

ती काहीतरी सांगत होती. मी ऐकलं नाही. खोटं बोलणाऱ्याचा मला लई राग. फोन आपटला आणि दोन्ही तारखांना शेरा मारला, 'घर बंद, कोणी राहत नाही.' एका पत्त्यावर दहा-दहा माणसं दाखवणारे एजंट मी पाहिले होते, हेही तसलंच प्रकरण धरलं. दाखला मुदतीत गेला नाही तर पोरीची जागा दुसऱ्याला मिळणार, असं सोबतच्या पत्रात स्पष्ट होतं. ते मी वाचलं होतं. सोमवारी नकाराचा अहवाल पाठवायचा ठरवून टाकला.

शनिवारी चौकीत एक मेंढपाळ आला. साठीच्या पुढचा, खांद्यावर घोंगडं. त्याचा मेंढरांचा वाडा त्याच वस्तीवर होता. म्हणाला, "साहेब, त्या कुलपाच्या घरात कोनतरी हाय. परक्या बोलीत बोलतंय."

माझा शिपाई हसला. "काय बे म्हाताऱ्या, रेडिओ ऐकला असशील."

"रेडिओला खोकला येतो व्हय?"

"मग भूत असंल."

"मलाबी आधी तेच वाटलं. मागच्या झरोक्यात भाकर ठिवली, लिंबू ठिवला. सकाळी बघतो तर भाकर न्हाई, लिंबू तसाच. आन् भूत असतं तर आपल्या बोलीत बोललं असतं की!"

शिपाई अजून हसत होता, पण मी उठलो. चोरीचा माल, फरार आरोपी, काहीही असू शकतं. बंद घरात माणूस म्हणजे पोलिसाचं काम. म्हाताऱ्याला गाडीवर मागं बसवलं आणि भर दुपारी निघालो.

वस्ती सामसूम होती. दाराला कान लावला, आवाज नाही. मग वर बघितलं. दाराशेजारी लाईटचं मीटर होतं. त्यातला लाल दिवा उघडझाप करत होता, जरा जोरातच. कुलूपबंद घरात पंखा नाहीतर दिवा, काहीतरी चालू होतं. त्याच मीटरखाली मी दोनदा उभा राहिलो होतो. मान वर केली नव्हती.

दोन घरं सोडून पोरीची चुलती राहायची. पाठीचं दुखणं म्हणून ती तोडीला जात नव्हती. तिला बोलावलं.

"बाई, चावी कुणाकडं हाय?"

"मला काय म्हाईत."

"आत कोण हाय?"

"कोन असनार? उंदरं असतील."

"उंदरं पंखा लावतेत का?"

खोटं बोलणारा माणूस मी हजार वेळा बघितला आहे. तो एक तर चिडतो, नाहीतर जास्त बोलतो. ही बाई दोन्ही करत नव्हती. दाराला पाठ लावून उभी राहिली आणि पदर तोंडात धरला. तिला माझी भीती नव्हती. आजूबाजूनं कुणी येतंय का, ते बघत होती. मी आवाज चढवला, "पंच बोलावतो अन् कुलूप तोडतो!"

तेव्हा आतून आवाज आला.

"साहेब, ओरडू नका. कुलूप तोडू नका. चावी काकूच्या कमरंला हाय."

म्हातारा मेंढपाळ मटकन खाली बसला. तोच बारीक आवाज होता, फोनवरचा. पोरगी घरीच होती.

चुलतीनं कुलूप काढलं, आम्हाला आत घेतलं आणि दार लोटलं. एकच खोली. दोरीवर कपडे वाळत होते, आतच. चुलीत राख नव्हती. भिंतीला वह्या, त्यावर जर्मन शब्द. आणि बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, उन्हाचं नाव नसलेला चेहरा, भिंतीला टेकून उभी. कार्तिकात आईबाप तोडीला गेले तेव्हापासून ती अशी आत होती. चुलती पहाटे कुलूप काढायची, बाहेर नेऊन आणायची, भाकरी-पाणी ठेवून परत कुलूप लावायची. दिवसभर मोबाईलवर जर्मनचा क्लास. खोकला आला की उशीत तोंड.

मी चुलतीवर घसरलो. "पोरीला कोंडलं तुमी? गुन्हा हाय हा! तिच्या बापालाबी आत टाकतो!"

"बापाला न्हाई, मला टाका," पोरगी म्हणाली. "कुलूप मी लावायला सांगितलं. बाप म्हनत होता, लगीन कर न्हाईतर गाडीत बस. मी म्हनलं, जर्मनची परीक्षा होऊस्तोवर हितंच ठिवा. एकटी कशी ठिवावी, म्हनला. मग मीच म्हनलं, बाहेरून कुलूप लावा अन् होस्टेलला गेली म्हनून सांगा."

"कावून पण?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच आरोपी.

"साहेब, उघड्या दारात एकटी पोर दिसली की चार जन पानी मागाया येतेत. कुलपाला कुनी पानी मागत न्हाई."

एवढा वेळ मेंढपाळ तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत होता. हळूच म्हणाला, "ती भाकर तू खाल्लीस व्हय गं?"

"खाल्ली, बाबा. शिळी होती."

चुलतीला हसू आलं, मलाही येणार होतं. पण मला एक गोष्ट विचारायची होती. "मी दोनदा दारात आलो. आवाज का नाही दिलास? तुझाच कागद होता ना?"

"तुमच्याबरोबर सात-आठ मानसं होती. बोलले असते तर समद्यांना कळलं असतं, मी आत हाय म्हनून." थोडं थांबली. "आन् तुमी वट्यावर बसून म्हनला होता, 'तोडणाऱ्याची पोर इमानात बसती व्हय, बाहेर कशाला नेतेत असल्या पोरी, मला म्हाईत हाय.' मग म्हनलं, ह्यांना काय सांगावं?"

मी ते बोललो होतो. अगदी हेच शब्द. चहा पिता पिता, चार माणसं हसावीत म्हणून. दार हातभर लांब होतं आणि दाराच्या मागं ती उभी होती. खाली बघण्याशिवाय मी काही करू शकलो नाही.

मग पेच पडला तो वेगळाच. अहवालाला दोन शेजारी पाहिजेत, 'होय, ही इथं राहते' असं सांगणारे. शेजाऱ्यांना विचारावं तर सगळ्या वस्तीला कळणार आणि तिची आडोशाची जागा त्याच दिवशी संपणार. न विचारावं तर दाखला नाही. एक साक्षीदार चुलती झाली. दुसरा कोण?

"माजा वाडा हिच्या मागच्या भिंतीला हाय," मेंढपाळ म्हणाला. "मग मी शेजारी न्हाई का?"

"तोंड बंद राहील का तुझं?"

"मेंढरांशी बोलतो, साहेब. ती कुनाला सांगत न्हाईत."

त्याचा अंगठा घेतला. पोरगी एवढंच म्हणाली, "माज्यासाठी खोटं काही लिहू नका. मी राहते, तेवढंच लिहा."

पण खरं लिहायचं तर आधीचे दोन शेरे खोटे ठरत होते. होस्टेलवरून नुकतीच आली, असं लिहून सुटता आलं असतं. तसं लिहिलं असतं तर पत्त्यावरचा रहिवास तुटला असता आणि दाखला अडकला असता. मी लिहिलं, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर सलग राहते, आधीच्या दोन भेटींत मी नीट चौकशी केली नाही. बंद पाकिटात अहवाल घेऊन स्वतः ठाण्याला गेलो. मोठ्या साहेबांनी वाचला, माझ्याकडं वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "निवृत्तीला आलात, हे काय लिहिलंत?" कसुरीची नोटीस मिळाली. दाखला मात्र मुदतीत गेला. पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, आईबाप परत आले तेव्हा व्हिसा हातात होता. ती गेली त्या दिवशी वस्तीला वाटलं, पोरगी होस्टेलहून आली आणि गेली.

नोटीस मिळाली त्या संध्याकाळी घरी सगळं बायकोला सांगितलं. पोरीनं स्वतःला कुलपात घालून घेतलं, असं कुठं असतं का, म्हणून मी डोकं धरून बसलो होतो. बायको मेथी निवडत होती. तिला नवल वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

"अवं, तुमी बंदोबस्ताला पंधरा-पंधरा दिस जायचा, तवा पोलीस लाईनीत मी काय करत होते, कधी विचारलं का?"

"काय करत होतीस?"

"बाहेरून कुलूप. शेजारच्या मावशीकडं चावी. लेकराला पाजून गप ठिवायची. दार उघडं दिसलं की 'साहेब हायेत का' म्हनत यायचे. तुमी न्हाईत, हे ठाऊक असूनबी यायचे."

तीस वर्षं संसार केला. दुसऱ्यांच्या घरात कोण राहतं ते मी शोधत फिरलो, स्वतःच्या घराची चौकशी कधी केली नाही. नव्या पोरांना मी आता सांगतो, बंद दारापुढं उभं राहाल तेव्हा आधी आपलं तोंड सांभाळा, मग पेन काढा.

कोण यायचं, हे मी तिला त्या दिवशी विचारलं नाही. ऐकायची हिंमत झाली नाही. उद्या विचारू म्हणत गेलो. बायको वारली त्याला आता वर्ष होईल. लाईनीतली माझ्या वेळची माणसं कुठं लग्नात भेटतात, खांद्यावर हात टाकून म्हणतात, वहिनींचं ऐकून लई वाईट वाटलं. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत राहतो.