नळीच्या टोकावरचं कुंकू

त्याचं नाव मी विचारलंच नाही. इथे परदेशात, ट्रॉय शहरातल्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानातला तो जाडजूड म्हातारा मला एकदाच भेटला. शेजारी घरफोडी झाल्यावर मी भीतीपोटी एक जुनी रायफल घेतली होती. तिच्या नळीच्या टोकाचा फ्लॅश हायडर, म्हणजे जाळ लपवणारा तुकडा, गंजून बसला होता. घरी पाना लावून निघेना, म्हणून त्याच्याकडे नेली.

त्याने आधी नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं. टोकावरच्या लाल डागावर बोट फिरवून म्हणाला, "रक्त?"

"नाही, कुंकू. दसऱ्याला आम्ही शस्त्राची पूजा करतो."

"देवापुढे गोळ्या भरून ठेवली होतीत?"

"हो, रिकामं शस्त्र काय पुजायचं? पण नंतर गोळ्यांचं मॅगझिन काढलं ना."

तो हसला नाही. त्याने बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ओढला, तसं नळीत राहिलेलं एक काडतूस टेबलावर पडलं. मग करंगळी आत घालून त्याने चाचपलं आणि पुन्हा एकदा चाचपलं.

"घरी पाना लावलात, तेव्हा नळी कुणी धरली होती?"

"लोखंडी शिकंज्यात होती," मी म्हणालो. माझ्या घरी शिकंजा नाही.

नळी बायकोने पोटाशी धरली होती. "अहो, हात घसरतोय," ती म्हणत होती आणि मी तिच्यावरच ओरडत होतो, "घट्ट धर गं!"

रायफल मी तिथेच सोडून आलो आणि घरी विकली म्हणून सांगितलं. दसऱ्याला बायको अजून विचारते, "अहो, रायफल का विकलीत?" आणि मी झेंडूची फुलं निवडत राहतो.