भोक नाही, कापड आहे

रफूकाकांचं दुकान म्हणजे जिन्याखालचा कोपरा. एक खुर्ची, एक दिवा, सुयांची डबी आणि गिऱ्हाइकासाठी स्टूल. त्या स्टुलावर गिऱ्हाइकापेक्षा शेजारचे मास्तरच जास्त बसत. मास्तरांनी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, काकांनी जन्मभर कपड्यांना रफू केलं. पण जगात नेमकं काय 'आहे' या वादात दोघांपैकी कोणीच माघार घेत नसे.

काकांचा सिद्धान्त सुटसुटीत होता. कापड आहे. भोक म्हणजे काही नाही. कापड जिथे संपलं त्या जागेला आपण दिलेलं नुसतं नाव.

"आटोपशीर आहे," मास्तर म्हणत, "पण त्यात सगळं मावलं पाहिजे ना? सदरा तोकडा झाला म्हणून काय हात कापायचा?"

"कोणता हात बाहेर राहिलाय, दाखवा की!"

मास्तरांना तो दाखवता येत नसे. काका खुशीत दुसरा धागा ओवत.

घरी बायको म्हणे, "जे नाहीच, ते बुजवता बुजवता डोळे गेले. चष्मा तेवढा आहे."

एका दुपारी एक बाई कोट घेऊन आल्या. वारलेल्या भावाचा. खिशावर सिगारेटने जळलेलं भोक.

"हे वाढू देऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. भोक वाढू नये यावर त्यांना एकच उपाय माहीत होता. त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे भोकाभोवती लाल धाग्याचं कडं घातलं, म्हणजे काम झाल्यावर जागा सापडते. मग जळकी कड कापून टाकली, कोटाच्याच आतल्या शिवणीतले धागे काढले आणि वीण अशी जुळवली की त्यांची त्यांनाच ओळखू येईना.

दोन दिवसांनी बाई परत आल्यावर काकांनी ऐटीत लाल धागा ओढला. "आता शोधा!"

बाईंनी खिशावरून बोट फिरवलं. कोट उजेडात धरला. "भोक कुठाय?"

"गेलं!"

"गेलं म्हणजे? वाढू देऊ नका म्हटलं होतं मी. बुजवा कधी म्हटलं?" बाई स्टुलावर बसल्या. "बाबांची चाहूल लागली की पेटती सिगारेट खिशात घालायचा वेडा. त्याचं तेवढंच राहिलं होतं हो."

"उसवून देतो," म्हणत काकांनी कात्री उचलली आणि ते तिथेच थांबले. जळकी कड सकाळीच केराबरोबर गेली होती. आता पाडलं तर ते काकांचं भोक, भावाचं नव्हे. पण जे काहीच नाही, त्यात याचं आणि त्याचं कुठून आलं? काकांना स्वतःचाच राग आला.

बाई उठल्या. "ठेवा तुम्हालाच," म्हणाल्या आणि कोट तिथेच टाकून गेल्या.

संध्याकाळी मास्तर आले तेव्हा खुंटीवर कोट होता आणि काका भांडायच्या तयारीत.

"इतकी वर्षं इथे बसता, एक धड भोक दाखवता आलं नाही तुम्हाला?"

सगळं ऐकून मास्तर स्टुलावर टेकले. "मग आता भोकही आहे म्हणा."

"म्हणा काय? मग जाळीत किती आहेत? चाळणीत? चाळणी फुटली की ती जातात कुठे? आणि मी जन्मभर काय करत होतो, बुजवत होतो की संपवत होतो?"

"आता सगळं मावतंय," मास्तर म्हणाले, "फक्त सुटसुटीत राहिलं नाही."

"तुमचं सुटसुटीत घाला चुलीत!"

तेवढ्यात एकजण गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन आला. काकांनी ती उलटसुलट पाहिली. "नक्की बुजवायचंय?"

"नाहीतर काय फ्रेम करून लावू?"

तो गेल्यावर काकांनी लाल धागा घेतला. तो सुईच्या नेढ्यात काही जाईना. एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून. काकांनी सुई मास्तरांपुढे धरली.

"ओवा."

मास्तरांनी ती दिव्याकडे धरली. "पण काका, हिला भोक आहे का?"

"ओवा म्हटलं ना!"