बंद नेटवर्क मी सुरू केलं आणि प्रयोग बिघडला

मंडळी, देशभरातल्या संशोधकांच्या प्रयोगांसाठी जे सामाईक नेटवर्क उभं राहतंय, त्याचा एक सर्व्हर वाशीमच्या आमच्या कॉलेजात आहे; तो मी सांभाळते. आज त्यावर बाहेरचा पहिलाच प्रयोग होता. तो फसला तर आम्हाला पुन्हा कोण विचारणार?

अचानक नेटवर्क बंद पडलं. मी घाबरून लगेच सुरू केलं.

गुवाहाटीच्या संशोधक बाईंचा फोन आला, "अरे बहन, वो तो मैंने ही बंद किया था!" बंद पडल्यावर काय होतं, तेच त्यांना बघायचं होतं. हसत हसत त्यांनी नेटवर्क पुन्हा बंद पाडलं.

मी बाबांना फोन करून झालेली फजिती सांगितली. अक्षरं मला त्यांनीच घरी शिकवली. म्हणाले, "दुसऱ्याचं मोडलेलं दिसलं की जोडून देजो, हे मीच शिकवलं तुले. आता मांडीखाली हात ठेवून बैस!"

तशीच बसले. प्रयोग छान पार पडला.

तुम्हाला जमतं का हो, मोडलेलं नुसतं बघत बसणं?