वाघोबाच्या कपारीतला झेंडू

आमच्या वन्सं डूख धरणाऱ्या होत्या. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं असं म्हणतात. पण मी गोड बोलले असते तर त्यांनाच राग आला असता. एकदा बाजारातल्या दशरथ भाजीवाल्याने त्यांना कुजके बटाटे खपवले. त्यानंतर कित्येक वर्षं त्या त्याच्या गाड्यासमोर, त्याला दिसेल अशा उभ्या राहून शेजारच्याकडून बटाटे घ्यायच्या. तेही महाग. "पैसे जातात ना हो आपले," मी म्हणायचे. "जाऊ देत. त्याचं तोंड बघितलंस का?" त्या म्हणायच्या.

उत्तरा सबनीस त्यांचं नाव. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन बाविशीत कपाळ पांढरं झालं आणि त्या अंधेरीला आमच्या घरी परत आल्या. रडत बसल्या नाहीत. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि उपनगरातल्याच एका कॉलेजात मुलांना प्रयोग दाखवायच्या कामावर लागल्या. रस्त्यात दिसेल ते फूल घरी आणायचं, त्याची पिवळी धूळ काचेवर झटकायची, नाव लिहून ठेवायची, हा त्यांचा नाद. मी शेवग्याच्या फुलांची भाजी करायचे, त्या त्याच फुलांची काच करायच्या. आमच्या भिंतीतल्या कपाटात अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतचं सगळं रान असं काचेवर बसलेलं होतं.

त्या नादामुळेच कॉलेजातल्या मार्तंड टिपणीस सरांनी त्यांना हाताशी धरलं. हे सर माणसाच्या फार जुन्या काळाचे अभ्यासक. आरे कॉलनीच्या मागच्या डोंगरात एक कपार आहे, पाड्यावरचे लोक तिला वाघोबाची कपार म्हणतात. चोपन्नच्या उन्हाळ्यात सरांनी तिथं खणायला घेतलं. पाड्यावरचा धाकू आणि त्याची माणसं खणायची, सर टोपी घालून उभे राहायचे, आणि वन्सं एकेका थराची माती स्वच्छ डब्यांत भरायच्या.

मातीत काय बघायचं, हे मला वन्संनी पोळ्या लाटताना समजावलं होतं. फुलांचे परागकण वाऱ्याबरोबर गुहेत येतात, मातीत गाडले जातात आणि त्यांचं टरफल हजारो वर्षं कुजत नाही. टरफल ओळखलं की बाहेर रान कसलं होतं ते कळतं, आणि रानावरून पाऊस किती होता ते. खालच्या काळ्या थरात त्यांना दाट रानातल्या झाडांचे कण सापडले, नेच्यांचे बीजाणू सापडले. तिथंच चुलीची राख होती, नखाएवढी दगडाची पाती होती आणि रानआंब्याची एक जळकी कोय होती.

"नीला, बाहेर धो धो पाऊस पडतोय आणि आत कुणीतरी चुलीपाशी बसून आंबा खातंय," त्या मला म्हणाल्या. "त्या माणसाला ह्या जगात पहिल्यांदा कुणी पाहिलं असेल तर मी पाहिलं." त्यांचे डोळे इतके चमकलेले मी आधी कधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाहीत.

मग दसरा आला. सरांनी टूम काढली, की कपारीतच हत्यारांची पूजा करायची आणि वर्तमानपत्राचा फोटोवाला बोलवायचा. कुदळी, चाळण्या, ब्रश, मातीचे डबे, सगळं मांडलं. टोपल्या भरभरून झेंडू आणला. वन्सं डोंगर चढून वर पोचल्या, तेव्हा सर कपारीच्या तोंडाशी आडवे आले.

"उत्तराबाई, तुम्ही आज जरा लांबच थांबा. माझं काही नाही हो, मी कुठं मानतो असलं? पण पूजा आहे, मजूर माणसं आहेत, उगाच अपशकुन नको त्यांना."

धाकू तिथंच उभा होता. त्याने म्हणे मान दुसरीकडे वळवली. वन्संनी स्वतः धुऊन पुसून ठेवलेले ब्रश, स्वतःच्या हाताने भरलेले डबे. त्यांना हळदकुंकू लागलं आणि ह्या बाहेर उन्हात दगडावर बसून राहिल्या. खड्ड्याच्या भिंतीतल्या वरच्या थराची माती तेवढी डब्यात भरायची राहिली होती, ती त्या दिवशी सरांनी फोटोसाठी स्वतःच्या हाताने काढली. झेंडूच्या ढिगातलाच ब्रश उचलून.

संध्याकाळी घरी आल्यावर वन्संनी पाय धुतले, जेवल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मला अपशकुन म्हणाले." मी सरांना भरपूर शिव्या घातल्या. त्यांनी एकही घातली नाही, तेव्हाच मला भीती वाटली.

पुढं कॉलेजात वरच्या थराची माती तपासली गेली. तिथल्या पद्धतीप्रमाणे माती आधी आम्लात उकळायची; त्यात कणाच्या आतलं सगळं विरघळतं आणि नुसतं टरफल उरतं. वरच्या थरात काटेरी, गोल टरफलांचा नुसता सुकाळ. सर हर्षाने वेडे झाले. अशी काटेरी टरफलं उघड्या, कोरड्या माळावरच्या झुडपांची असतात. म्हणजे इथला पाऊस हजारो वर्षं आटला, रान मेलं, गवत आलं आणि तहानलेली माणसं कपार सोडून गेली! केवढा मोठा शोध.

वन्संनी मात्र त्याच मातीची एक चिमूट न उकळता काचेखाली घातली. हजारो वर्षांपूर्वीचा कण म्हणजे रिकामं टरफल. हे काटेरी कण तर आतून भरलेले होते, ताजे. त्यांनी आमच्या कपाटातली झेंडूची काच काढून शेजारी ठेवली. जुळे भाऊ. आणि झेंडू तर आपल्या देशातला नव्हेच. तो मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या मागून इकडे आलेला. तो बाजूला काढला की वरच्या थरातही तेच दाट रान होतं, तोच पाऊस. काहीच आटलं नव्हतं.

त्या सरांना सांगायला गेल्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं लोकांनी त्यांना कपटी म्हटलं. त्या सांगायला गेल्या होत्या. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "बरं झालं आलात. निबंध छापायला गेला. नाव माझं एकट्याचंच आहे, ते बरं दिसतं. आणि तुमच्या जागी पुढच्या महिन्यापासून आमचा भाचा नंदकुमार येईल. तुम्हाला तरी हे डोंगर चढणं कशाला हवं?"

काळ्या थरातला पाऊस, चूल, आंबा, सगळं त्याच निबंधात होतं. सरांचा शोध म्हणून.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"अभिनंदन म्हणाले."

त्यानंतर दोन वर्षं त्या मुलुंडच्या एका शाळेत शिकवत होत्या आणि वाट बघत होत्या. सर जिथं जिथं भाषण द्यायचे तिथं जाऊन मागच्या रांगेत बसायच्या. त्यांचा माळ दर भाषणात आणखी कोरडा व्हायचा. "चढू दे," वन्संनी मला सांगितलं. "जितका वर चढेल तितका जोरात आपटेल." मला ते ऐकून मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

सत्तावन्नच्या जानेवारीत सरांना परदेशातून बोलावणं आलं आणि कॉलेजाने सत्कार ठरवला. अध्यक्ष म्हणून परागकणांचे मोठे जाणकार डॉ. चंद्रप्रकाश दिल्लीहून येणार होते. वन्सं आदल्या दिवशी सकाळी झेंडूची फुलं घेऊन आल्या आणि हार ओवायला बसल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो वन्सं, वरचा थर खोटा ठरला तर खालच्या थरावर तरी कोण विश्वास ठेवील? डबे सगळे एकाच ढिगात होते, सगळ्यांवर झेंडू पडलेला. तुमचा तो आंबा खाणारा माणूसही जाईल. अध्यक्षांना आधी एकांतात गाठा, काळा थर वाचवा. नाव सरांचं का असेना, खरं तर राहील."

"आणि सर कबूल होतील, हसतील, दुरुस्ती छापतील. बोटीवर चढतील."

"पण हे म्हणजे आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन!"

त्यांनी सुईत दोरा ओवला. "अपशकुन तर मी आहेच गं. त्यांनीच ठरवलंय. मग होऊ दे ना पुरता."

सत्काराला मी गेले होते. व्यासपीठामागं तो फोटो मोठा करून लावलेला होता: कपारीत सर, हातात ब्रश, पुढं डब्यांवर झेंडूच्या माळा. सरांनीच हौसेने लावून घेतला होता. वन्संनी जुन्या सहकारी म्हणून हार घालायची परवानगी मागितली. फिकट पातळातली, कुंकू नसलेली बाई हार घेऊन चढते आहे हे बघून पुढच्या बायका कुजबुजल्या. सरांना नाही म्हणता येईना. त्यांनी मान वाकवली आणि वन्संनी तो जाडजूड हार त्यांच्या गळ्यात घातला.

मग त्यातलं एक फूल खुडून त्या अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, बाजूच्या टेबलावर मी दोन काचा मांडल्यात. एक ह्या फुलाची. दुसरी सरांच्या वरच्या थराची, न उकळलेली. बघा, आणि मग मागचा फोटो बघा."

लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलीच काही गंमत आहे. डॉ. चंद्रप्रकाश वाकले. पुष्कळ वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी फोटो बघितला आणि सरांना विचारलं, "टिपणीससाहब, ये फूल खुदाई के वक्त वहाँ थे?"

सरांनी मागं वळून फोटोकडे बघितलं. हार गळ्यात तसाच. काढावा तर पंचाईत, ठेवावा तर पंचाईत. नंदकुमार पहिल्या रांगेतून उठून बाहेर निघून गेला. मी पदराआड इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. आजही आठवलं की बरं वाटतं.

सरांचं परदेश राहिलं. निबंध मागं घ्यावा लागला. पण मी भ्यायले होते तेच झालं. डॉ. चंद्रप्रकाशांनी लिहून दिलं, की ज्या डब्यांची अशी पूजा झाली त्यांतली वरची काय, खालची काय, कुठलीच माती पुराव्यात धरता येणार नाही. खालचे डबे दसऱ्याच्या आधीच भरून बंद केले होते, हे वन्संनी सांगितलं. "कुणी पाहिलं होतं?" असं त्यांनाच विचारलं गेलं. पुन्हा खणायला कुणी गेलं नाही. धाकू त्या कपारीत बकऱ्या बांधू लागला.

पुढच्या दसऱ्याला दाराला तोरण बांधताना माझा हात झेंडूपाशी अडखळला. वन्सं म्हणाल्या, "बांध की. झेंडूवर कसला राग? त्याने माझं काम केलं." आणि कपाटाच्या तळातून त्यांनी एक डबा काढला. काळ्या थराची, त्यांनी आपल्यापुरती जपून ठेवलेली शेवटची माती. गॅलरीत जाऊन त्यांनी ती कुंडीत ओतली आणि तोरणातलं एक फूल चुरून तिच्यात पेरलं.

"अहो, हे काय करताय? तुमचा पाऊस होता त्यात!"

"कुणाला दाखवू?" त्या म्हणाल्या. मग हात झटकले आणि तांब्याने पाणी घातलं.

त्या कुंडीला पुढं झेंडू असा आला की शेजारपाजारचे मागायला येत. वन्सं सगळ्यांना देत. मला त्यातलं एकही फूल देवाला वाहवलं नाही.