आईच्या माहेरावर ठेवलेला ठपका

अन्याय माझ्या आईवर झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, भर दुपारी, आमच्याच दारातल्या मांडवात, चुलतभावाच्या मुलाच्या बारशाच्या पंगतीत. जिलेबी वाढून झाली होती, मठ्ठा यायचा होता. अन्याय करणारी माझी सख्खी आत्या. साक्षीदार अख्खी पंगत.

झालं असं, की शेजारच्या गावची एक पाहुणी बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. माझे हात बघण्यासारखेच आहेत. जन्मापासून माझ्या सगळ्या अंगावर कातडीचे खवले येतात. पाझर तलाव आटला की गाळाला जशा भेगा पडतात, तशी माझ्या पायांवर नक्षी आहे. खवले गळतात, पुन्हा येतात. रोग दुर्मिळ आहे, आनुवंशिक आहे आणि कुणाला लागत नाही. पाहुणीने आत्याला विचारलं, "पोरीला भाजलंय का वो?"

असला प्रश्न मला चालतो. विचारणारा निदान बोलायला तरी तयार असतो. चाललं नाही ते आत्याचं उत्तर.

"न्हाई वो, जल्माचंच हाय. आमच्यात असलं काई न्हाई. वहिनीच्या माहेराचं हाय हे." आणि त्याच घासाला पुढे, "धाकटी मातर बघा कशी काकडीवानी हाय. ती मी मागितलीय माझ्या पोराला."

आई तिच्या समोरच जिलेबीचं ताट घेऊन उभी होती. "घ्या वन्सं, अजून एक," म्हणाली, वाढली, आणि मठ्ठा आणायला आत गेली. वडील पानात मान घालून जेवत राहिले. त्यांच्यावर मी वेगळं पत्रक काढेन; पत्रकं लिहून वाटणं हे माझं कामच आहे.

आता नातं नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. माझ्या वडिलांनी मामाची मुलगी केली. आमच्याकडे ती रीतच आहे. म्हणजे आईचं माहेर तेच माझ्या आजीचं माहेर, तेच आत्याचं आजोळ. पाथर्डीकडच्या ज्या घरची बोरं खाऊन आत्या दर सुट्टीत गुबगुबीत होऊन यायची, ज्या घराच्या ओट्यावर ती आणि आई भातुकली खेळल्या, त्याच घराला तिने भर पंगतीत रोगाचं घर ठरवलं. आणि "आमच्यात असलं काई न्हाई" म्हणताना स्वतःच्या आईला कुठल्या घरात धरलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

मी उठणार होते. धाकट्या बहिणीने ओढणी धरून खाली बसवलं. "आधी जेव. भांडण गार होत न्हाई, भजी होत्यात."

माझी बहीण अशी आहे. म्हणूनच तिची काळजी वाटते. पण त्या काळजीचं पुढे सांगते. आधी माझी सकाळ सांगते, नाहीतर तुम्ही मनातल्या मनात मला खाटेवर झोपवून मोकळे व्हाल.

माझी सकाळ झाडूने सुरू होते. रात्रभर गळलेली मी गादीवर पडलेली असते, ती आधी गोळा करायची. "निम्मी हिकडंच राहिली तुझी," बहीण चादर झटकताना म्हणते. मग कोमट पाण्यात भरपूर भिजायचं, परसातल्या वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने हलक्या हाताने घासायचं, आणि अंग ओलं आहे तोवर मलम चोळायचं. ओलं आहे तोवर, हे महत्त्वाचं. अंग पुसून कोरडं केलं की मलम वरच्या वर राहतं आणि मी खाटेला चिकटते. पाठीला आई चोळते. तिच्या हाताला इतकी सवय झालीय की ती एकीकडे दूधवाल्याशी भांडत माझी पाठ पुरी करते. डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढल्या जातात, म्हणून थेंब. एवढं झालं की मी चकचकीत. उन्हात उभी राहिले तर लांबून आरशासारखी दिसते, असं वडील म्हणतात.

मला घाम येत नाही. ऐकायला मजेशीर वाटतं, पण आमच्या नगर जिल्ह्यातला एप्रिल बिनघामाचा काढून बघा. अंग आतून तापत जातं आणि डोकं गरगरतं. त्यावर आमच्या वडिलांनी उपाय शोधला: फवारणीचा छोटा हातपंप. नवा कोरा, औषधाला कधी न वापरलेला, त्यावर लाल रंगाने 'फक्त पाणी' लिहिलेलं. कुठेही जायचं तर मलमाचा डबा आणि पंप माझ्या पिशवीत असतात. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा उमटत नाही. दुकानदार दर वेळी काच पुसतो, मग माझा अंगठा पुसतो, मग माझ्याकडे असा बघतो की जणू मीच कुणीतरी दुसरी आहे. मी म्हणते, "दादा, मीच आहे. खात्री नसेल तर थोडी सांडून दाखवते."

आमच्यासारख्या चार घरांनी मिळून एक गट केलाय. या रोगाची माहिती देणारी पत्रकं मी लिहिते, सोनईच्या बाजारात आणि श्रीरामपूरच्या स्टँडवर वाटते. एकदा एका शर्ट खोचलेल्या गृहस्थांनी पत्रक दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि विचारलं, "हे लागतं का?" म्हटलं, "वाचलं तर लागतं." त्यांनी ते वाचलं. उभ्याने, शेवटपर्यंत, बस सुटेपर्यंत.

तर बहीण. तिची कातडी स्वच्छ आहे. आत्याच्या मुलाचं दूध संकलन केंद्र आहे, आणि त्या दोघांचं एकमेकांवर मन आहे. हे आत्याच्या मागणीच्या आधीपासूनचं. त्यामुळे मागणी आली तेव्हा दोघं खूश, घरचे खूश, आणि मी एकटी वाकड्या तोंडाची. कारण नगरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी मला लहानपणीच समजावलं होतं: हा दोष आई आणि वडील, दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो आणि दोष आत गुपचूप पुढे नेतो. माझ्या बहिणीच्या अंगात तो असण्याचीच शक्यता जास्त. आत्याच्या मुलातही असू शकतो, कारण घर एकच. दोघांत निघाला, तर त्यांच्या प्रत्येक मुलावर, चारात एक या हिशेबाने, माझ्यासारखं होण्याची टांगती तलवार.

माझ्यासारखं होणं वाईट आहे का? मी मजेत जगते, हे तुम्ही वाचताय. पण मी जन्मले तेव्हा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळल्यासारखी होते, पापण्या उलट्या, आणि आईला ग्रहणात भाजी चिरल्याबद्दल बाळंतखाटेवर बोलणी बसली होती. माझ्या बहिणीला ते नको. निदान न कळता नको. मी मागितलं एवढंच, की सुपारी फोडायच्या आधी दोघांची रक्ततपासणी करा.

बहीण लगेच तयार झाली. आत्याचा मुलगा दिवसभर लोकांच्या दुधाची फॅट तपासतो, पण स्वतःचं रक्त म्हटल्यावर पांढरा पडला. "सुई मोठी असती का गं?" आत्याने तर विषयच उडवून लावला. "रगत तपासून सोयरीक? लोक म्हनतील पोरगं आजारी हाय. तुझी पत्रकं बाजारात वाट, माझ्या घरात नको."

आणि मग आला घोडेगावच्या बाजाराचा शुक्रवार.

आत्याचे यजमान, आमचे आतोबा, गुरांचे जाणकार. त्यांना गीर गाईंसाठी वळू करायला एक गोऱ्हा घ्यायचा होता. वडील बरोबर निघाले, आणि मीही जीपमध्ये चढले. जनावरांच्या बाजारात सावली म्हणजे म्हशीची. ऊन चढलं तसं वडिलांनी पंप काढला आणि माझ्या मानेवर, हातांवर फवारायला लागले. एक व्यापारी थबकला.

"काय पाव्हनं, पोरीला कपाशीवानी मावा पडलाय का?"

"न्हाई, इंजान तापतंय तिचं," वडील म्हणाले.

"मग आमच्या म्हशीवर पन मारा की दोन फवारं."

मारले. म्हैस खूश झाली.

तिकडे आतोबांचा सौदा रंगला होता. घोडेगावात सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. आतोबांचा हात रुमालाखाली व्यापाऱ्याच्या हातात होता. गोऱ्हा देखणा होता, शिंगं वळणदार, कान लोंबते. हात बाहेर येणार एवढ्यात आतोबांनी विचारलं, "बाप कोन ह्याचा?"

व्यापाऱ्याने सोनईच्या एका वळूचं नाव घेतलं.

"मग न्हाई जमायचं. माझ्या दोन गाई त्याच वळूच्या हायेत. बहीनभाऊ लागत्यात. वासरं लुळी निघत्यात असल्यानं."

मी म्हशीच्या सावलीतून बाहेर आले. अंगावरून पाणी निथळत होतं.

"आतोबा, गोऱ्ह्याचा बाप विचारलात. तुमच्या पोराची आणि माझ्या बहिणीची आजी कोण, तेही सांगा की यांना."

रुमालाखालचा हात तसाच राहिला. व्यापारी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्या हातांकडे बघत होता. वडिलांनी पंप खाली ठेवला, आणि बारशाच्या पंगतीत न बोललेला माणूस बोलला. "दाजी, पोरगी बरोबर बोलतीय. तिच्या अंगात अर्धं माझं हाय. मी त्या दिवशी बोलायला पायजे हुतं."

व्यापारी हसायलाच लागला. "पाव्हनं, गोऱ्हा ऱ्हाऊ द्या. ही पोरगीच न्या सौद्याला. दात न बघता खरं सांगती."

आतोबांनी रुमालाखालून हात काढून घेतला आणि आम्हाला भेळीच्या गाडीवर नेलं. भेळ खाल्ली. मग कागदाची पुडी चेपत म्हणाले, "कुठं करत्यात ती तपासनी?"

आत्याला त्यांनी कसं मनवलं ते मला माहीत नाही. आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा भिंतीपलीकडून मोठ्या आवाजात त्या दोन गाईंची नावं ऐकू आली, एवढं खरं. नगरला आम्ही सगळेच गेलो. आधी माझं रक्त घेतलं, कारण दोष नेमका कुठे आहे ते माझ्यातच सापडणार होतं. मग बहिणीचं. मग त्याचं. त्याने डोळे मिटून तिचा हात इतका घट्ट धरला की नर्सबाई म्हणाल्या, "सुई कुणाला टोचायचीय, ते एकदा ठरवा."

निकाल यायला बरेच आठवडे गेले. त्या दिवसांत बहीण चादर झटकताना काही बोलत नसे. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. निकाल वाईट आला असता, तर काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं होतं; पण तो तिला ऐकवायला लावणारी मी होते.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. बहिणीत दोष नाही. बहिणीने श्वास सोडला तो मला खुर्चीत जाणवला. आत्याच्या मुलात आहे, पण दोघांपैकी एकातच असल्यामुळे, या रोगापुरतं बोलायचं तर, त्यांच्या मुलांना माझ्यासारखी कातडी होणार नाही. लग्न खुशाल करा.

"माझ्या पोरात?" आत्या म्हणाली. "ते कसं काय? आमच्यात तर..."

"तुमच्याकडून आलं असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या आईच्या माहेरून तुमच्याकडे, तुमच्याकडून मुलाकडे. यात चूक कुणाचीच नाही."

मी बोलणार होते. माझ्याकडे वाक्य तयार होतं, चांगलं धारदार, येताना जीपमध्ये घासून ठेवलेलं. पण आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आत्याच्या हातात दिली. "घ्या वन्सं. माहेर एकच हाय आपलं. रडायचं तर दोघी मिळून रडू."

आणि दोघी हसायला लागल्या. आधी आत्या, मग आई, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझं वाक्य वाया गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आमच्याकडे आली. मी न्हाणीतून बाहेर येत होते. तिने आईच्या हातातून मलमाचा डबा घेतला आणि माझी पाठ चोळायला लागली. पहिल्यांदाच. जरा जोरात चोळते ती, भांडी घासल्यासारखं. "दुखतं का गं?" "हो." "मग बोल की, पत्रकं काढतीस आनि हितं गप बसतीस व्हय?"

मला आत्या आवडते. हे लिहून ठेवते, कारण पुढचं तिला झोंबणार आहे. पाठ चोळली ती न्हाणीच्या दारात. "वहिनीच्या माहेराचं" हे ती बोलली होती अख्ख्या पंगतीत. त्या पंगतीतल्या बायका अजून बाजारात आईला बघून एकमेकींना कोपर मारतात. त्यांना डॉक्टरीणबाईंच्या खोलीतलं काही माहीत नाही. येत्या महिन्यात बहिणीची हळद आहे. मांडव तोच, पंगत तीच, जिलेबी बहुतेक त्याच आचाऱ्याची. मठ्ठा यायच्या आधी आत्याने उभं राहून काय बोलायचं, ते तिला मी सांगून ठेवलंय. ती "बघू" म्हणालीय. मी बघतेच आहे.

आणि तुम्ही, हे वाचणारे. तुमच्याही घरात एखाद्या मुलाच्या कातडीवरून, डोळ्यांवरून, पायावरून कुणीतरी सुनेचं माहेर काढलंय. कदाचित तुम्हीच. घरात नात्यातलं लग्न ठरत असेल, तर सुपारी फोडायच्या आधी डॉक्टरांना गाठा. आणि ज्या बाईला बोल लावलात, तिच्यासाठी पुढच्या पंगतीत, ती वाढत असताना, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो परत घ्या. जिलेबी थांबेल तेवढा वेळ.